रात्रीचे वाटेकरी

दुधना नदीच्या काठी, सेलू तालुक्यातल्या एका गावाच्या पांढरीला लागून एक जुनी बारव होती. घरोघर नळ आले तशी लोकांनी तिच्याकडं पाठ फिरवली. दर पावसाळ्यात गाळ येऊन साचत गेला, त्यावर पऱ्हाट्या, प्लॅस्टिक, लग्नातल्या पत्रावळ्या पडत गेल्या, कठड्याच्या फटीत पिंपळ उगवला. बारवेच्या आतल्या भिंतींत देव बसवण्यासाठी केलेल्या देवळ्या होत्या. देव केव्हाच गेले होते. सर्वांत वरच्या, खोल देवळीत गव्हाणी घुबडाची एक जोडी राहत होती.

गावाला ती ठाऊक होती, पण तिचं नाव कुणी घेत नसे. बदामी आकाराचं पांढरं तोंड, डोक्यावरून गेले तरी ऐकू न येणारे पंख आणि मध्यरात्री अचानक उठणारी कर्कश किंचाळी. दिवेलागणीनंतर लेकरांनी बारवेकडं फिरकायचं नाही असा दंडकच होता. अपशकुनाची ही भीती साफ खोटी. पण तिच्याच आडोशानं घुबडांच्या कितीतरी पिढ्या त्या देवळीत निर्धास्त वाढल्या, हे मान्य करायला हवं.

एकट्या मायला तेवढी भीती नव्हती. माय म्हणजे बारवेशेजारच्या घरातली सत्तरी ओलांडलेली म्हातारी. सगळं गाव तिला मायच म्हणे. सकाळी अंगण झाडताना बारवेच्या कठड्याखाली तिला अंगठ्याएवढे काळपट गोळे सापडत. केसांचे आणि बारीक हाडांचे. ती ते सुपात भरून लिंबाच्या बुडाशी टाकायची आणि म्हणायची, "रातच्याला जेवून गेले पाव्हणे."

परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. म्हणून इथले रानटी जीव जंगलात राहत नाहीत. धुऱ्यावरच्या बोरीबाभळीत, गायरानात, ओढ्याच्या दरडीत, पडक्या वाड्यात आणि बारवेत राहतात. माणसाच्या इतक्या जवळ ते जगू शकतात याचं कारण असं, की इथं जागेची वाटणी झालेली नाही, वेळेची झाली आहे. दिवसभर माणसं राबतात, गुरं चरतात. अंधार पडला की तीच जमीन दुसऱ्यांच्या ताब्यात जाते. पिंगळे ढोलीतून निघून तारेवर बसतात आणि भुंगेरे टिपतात. गाडीवाटेच्या गरम फुफाट्यात रातवा पोट टेकून बसतो. खोकड धुऱ्याधुऱ्यानं उंदरांचा माग काढत जातं. देवळाजवळच्या उंबरावर वटवाघळं येतात, फळं नेतात आणि बिया कुठंतरी लांब टाकतात. त्या शिवारातले कितीतरी उंबर कुणी माणसानं लावलेले नाहीत. पहाटे पिंगळा जोशी हातात कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत गावात शिरायचा, त्या वेळी हे सगळे आपापल्या बिऱ्हाडी परतत असत. त्याच्या कंदिलाचा कुणाला त्रास नव्हता. तो त्याच्या पायापुरताच होता.

एके वर्षी गावातल्या पोरांनी बारव उपसायचं मनावर घेतलं. त्याच तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तिथल्या लोकांनी साफ केली होती, वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. राज्यभर ठिकठिकाणी अशा बारवा उपसल्या जात होत्या, महाशिवरात्रीला त्यांत दीपोत्सव होत होते. मग आपल्याच गावची बारव का कुजत ठेवायची? पोरांनी रविवारचे रविवार घालवले. घमेल्यांची रांग लागली, बायकाही उतरल्या. गाळाखालून एकेक घडीव पायरी वर येताना म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. असं काम करणाऱ्या गावाबद्दल मनात आदरच हवा. पुढं जे झालं त्यात त्यांची नियत खोटी नव्हती.

महाशिवरात्रीला पायरीपायरीवर पणत्या लागल्या. मायनंही अकरा लावल्या. त्या रात्री घुबडं देवळीत शिरली नाहीत, लांब चिंचेवर बसून राहिली. पहाटेपर्यंत तेल संपलं, वाती विझल्या. दुसऱ्या रात्री जोडी घरी परतली. मायला सकाळी कठड्याखाली गोळे सापडले.

नवरात्राच्या तोंडावर सरपंचांनी निधी आणला. बारवेला चार फोकस बसले, खालून वर भिंतीवर प्रकाश टाकणारे, पांढरे शुभ्र. वेशीत हायमास्ट उभा राहिला. बटण दाबण्याचा कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, आणि ते दिवे त्या दिवसापासून संध्याकाळी लागायचे ते सकाळी कुणाच्या लक्षात आलं तरच विझायचे. गावात उजेड आला तसा शिवारातही आला. ज्याच्या त्याच्या आखाड्यावर एलईडीचा फोकस लागला.

सर्वांत मोठा फोकस तात्यांनी लावला. बारवेपलीकडं त्यांची जमीन होती. त्यांच्या मनातली गोष्ट समजून घेतल्याशिवाय त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याला अपरात्री उठून मोटार चालू करायला जावंच लागतं. अशाच एका पाळीत तात्यांच्या धाकट्या भावाला घोणस डसली. तो वाचला, पण मूत्रपिंडावर घाव बसला. पूर्वी दोन बैलांच्या ताकदीचा माणूस घमेलंही उचलेनासा झाला. त्यानंतर तात्यांना अंधाराचा राग आला. त्यांनी आखाड्याच्या खांबावर फोकस लावला आणि म्हणाले, "आता येऊ द्या कुणाला यायचं त्ये."

घुबडं त्याआधीच अंड्यांवर बसली होती. गव्हाणी घुबड एकदम सगळी अंडी घालत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घालतं. त्यामुळं पिल्लंही पाठोपाठ निघतात. थोरलं अंगानं भरलेलं असतं तेव्हा धाकटं नुसता कापसाचा पुंजका असतं. भरपूर उंदीर मिळाले तर सगळी जगतात. टंचाई आली की थोरल्याचं पोट आधी भरतं.

टंचाई आली. एक तर देवळीच्या तोंडावर रात्रभर झगझगाट. भक्ष्य घेऊन आलेली मादी कठड्यावर घिरट्या घाले, आत शिरायला धजत नसे. दुसरं असं, की उजेड असतो तिथं उंदीर उघड्यावर येत नाहीत. ते गंजीत, उभ्या पिकाच्या बुडाशी, बिळांच्या तोंडाशी राहतात. गव्हाणी घुबडाला उजेडाची गरज मुळीच नाही. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. आवाज दोन्ही कानांत किंचित वेगवेगळा पोचतो आणि त्यावरून पाचोळ्याखालचा उंदीर नेमका कुठं आहे हे त्याला मिट्ट काळोखात कळतं. लाखो वर्षांत घडलेली ही विद्या त्या चार फोकसांनी निरुपयोगी करून टाकली. आता त्या जोडीला शिकारीसाठी नदीपलीकडं जावं लागे, आणि नदीत वाळू उपसणाऱ्या टिप्परांचे दिवे तिथंही होतेच.

देवळीतून पिल्लांचा भुकेला घरघराट मायला रात्रभर ऐकू यायचा. ती सरपंचांकडं गेली. "लेकरं भुकेनं रडायलेत रे बाप्पा. रातच्याला तेवढा दिवा मालव."

सरपंच म्हणाले, "माय, घुबडाची लेकरं हायत ती. आन् दिवा सरकारी हाय, म्या कसा मालवू?"

हळूहळू घरघराट कमी होत गेला. एका सकाळी कठड्याखाली पांढऱ्या लवेचं एक पिल्लू मरून पडलेलं होतं. दोन दिवसांनी दुसरं. मायनं लिंबाखाली खड्डा केला.

दिवाळीच्या आधी मोटारसायकलवरून दोन अनोळखी माणसं आली. फोकसच्या उजेडात भिंतीवर बसलेलं घुबड आता रस्त्यावरूनही दिसत होतं. ज्याला अंधारानं शतकभर झाकून ठेवलं होतं, ते असं चव्हाट्यावर आलं. त्या माणसांनी पोरांना गाठलं. घुबडाचे इतके, मांडूळ असेल तर त्याहून जास्त. अमावास्येला पूजा करायची, जमिनीतलं धन वर येतं. पोरांपैकी एकाचे डोळे लकाकले.

असला धंदा एका गावापुरता नाही. घुबडांच्या चोरट्या व्यापारावर ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० साली अहवाल काढला, आणि दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांची मागणी वाढते असा इशारा तेव्हापासून दिला जात आहे. एका हातानं लक्ष्मीची पूजा आणि दुसऱ्या हातानं तिच्या वाहनाचा गळा.

मायला कुणीतरी ही गोष्ट सांगितली. ती पोरांच्या कट्ट्यावर येऊन उभी राहिली. १९७२च्या दुष्काळात ती नवी नवरी होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्याच वर्षी जवळच्या मानवतला बायका-मुलींचे खून होऊ लागले आणि १९७४ पर्यंत सगळा परभणी जिल्हा त्या धास्तीत राहिला. गुप्तधनाच्या हव्यासातून हे बळी दिल्याचं तपासात पुढं आलं होतं.

"तवा आमाला दिस बुडला की बाहीर पडू देत नव्हते," माय म्हणाली. "समदे म्हनायचे, आंधाराला भ्या. आंधारानं एकीलाबी हात लावला नव्हता रे. हावेनं लावला. तीच हाव आज गाडीवर बसून आलीया. तिच्या हातात घुबड दिलं तर उद्या ती काय मागंल, इचारा."

मायची नात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकत होती, सुट्टीला आली होती. तिनं १९२६ हा वनविभागाचा क्रमांक लावला आणि गाडीचा नंबर कळवला. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणं, मारणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, हे तिनं त्या माणसांच्या तोंडावर सांगितलं. हा कायदाही १९७२चाच. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा यायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं. ती माणसं निघून गेली आणि परत आली नाहीत.

पण घुबडाचा मृत्यू त्यांच्याकडून यायचा नव्हताच.

पौषात हरभरा घाट्यात आला, ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडली, आणि तात्यांच्या रानात उंदीर आणि घुशी मावेनात. ताटं बुडापासून कुरतडलेली, घाटे पोखरलेले, धुरा चाळणी झालेला. कडब्याच्या गंजीत रात्री हात घालवेना. तात्यांनी दुकानातून उंदरांचं औषध आणलं आणि बिळाबिळात टाकलं. त्यात त्यांचं काय चुकलं? पीक डोळ्यांदेखत जात असताना दुसरं कुणी काय केलं असतं?

हे औषध रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस सुस्तावून, उघड्यावर, भर उजेडातसुद्धा रेंगाळतो. उपाशी घुबडाला यापेक्षा सोपी शिकार कोणती? पाचव्या-सहाव्या दिवशी तात्यांच्या गोठ्यात गव्हाणीखाली एक घुबड पंख पसरून पडलेलं आढळलं. चोचीतून रक्त आलं होतं. तात्यांनी ते फडक्यात गुंडाळलं. का कुणास ठाऊक, फेकून न देता ते मायच्या घरी घेऊन गेले.

माय काही बोलली नाही. नातीनं मात्र विचारलं, "तात्या, हे रात्रीतून किती उंदीर खातं, ठाव हाय का?"

तात्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांची रात्रीची पाळी होती. मध्यरात्री लाईन आली. तात्या बाजेवरून उठले आणि फोकसच्या उजेडातून विहिरीकडं निघाले. दहा-पंधरा पावलांवर उजेड संपला, आणि पुढं त्यांना काहीच दिसेना. धुरा नाही, पाटाची कड नाही, स्वतःचे पायसुद्धा नाहीत. भगभगीत उजेडातून एकदम अंधारात गेलेल्या डोळ्याला सावरायला वेळ लागतो. पुरतं सावरायला तर वीस-तीस मिनिटं जातात. फोकस लावल्यापासून तात्या रोज असेच आंधळे होऊन स्टार्टरपर्यंत जात होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेवढ्यात पायाशी जोराचा फूत्कार झाला. एकच, लांबलेला. भावाच्या दुखण्यानं तो आवाज त्यांना पाठ करून दिला होता.

ते जागच्या जागी थिजले. फूत्कार थांबला, वाळल्या पाल्यात काहीतरी सरकत गेलं. मग ते मागं फिरले आणि बॅटरीच्या उजेडात खांबाचं बूड पाहिलं. फोकसला धडकून पडलेल्या किड्यांचा खच होता, ते खायला बेडूक जमले होते, गंजीच्या कडेनं घुशींची ताजी माती निघाली होती. सापानं आणखी काय मागावं? ज्याला हाकलायला दिवा लावला, त्याचंच ताट तात्यांनी खांबाखाली वाढून ठेवलं होतं.

तात्यांनी फोकस बंद केला आणि बाजेवर बसून राहिले. आधी नुसता काळोख होता. मग आभाळ वेगळं झालं, झाडं वेगळी झाली, हळूहळू धुऱ्याची रेघ उमटली, पाटाचं पाणी चकाकलं. विहिरीपर्यंतची वाट त्यांच्या बापाला दिसायची तशी त्यांना दिसू लागली. चिंचेवर उरलेलं एकटं घुबड किंचाळलं. त्या रात्री तात्या बॅटरी पायाशी धरून, काठी आपटत गेले, मोटार चालू केली आणि पहाटेपर्यंत झोपले नाहीत.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. घरकुलं, रस्ता, पाणीपट्टी असे विषय झाले. मग मायची नात उठली आणि सरपंचांच्या टेबलावर तिनं वर्तमानपत्र पसरलं. लिंबाच्या बुडाशी मायनं साठवलेले गोळे तिनं कोमट पाण्यात भिजवून उकलले होते. घुबड उंदीर अख्खा गिळतं. न पचलेले केस आणि हाडं गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. कागदावर तिनं ओळीनं मांडलं होतं: बोटाच्या पेराएवढ्या कवट्या, पिवळे वाकडे दात, जबडे. एकेका गोळ्यातून दोन-दोन, तीन-तीन. लोक उठून बघायला आले. एका म्हाताऱ्यानं एक जबडा तळहातावर घेतला आणि म्हणाला, "ह्यो घुशीच्या पिल्लाचा हाय. वळखतो ना म्या, जल्मभर ह्यांच्यासंगंच भांडलो."

"हे समदे आपल्याच शिवारातले," नात म्हणाली. "एका जोडीनं खाल्लेले. पैसा न्हाई घेतला, औषध न्हाई लागलं. आपन काय केलं? त्यांच्या घरात दिवा लावला आन् त्यांच्या ताटात इख कालवलं."

सरपंच अस्वस्थ झाले. "मंग काय, गावात अंधार करू? उद्या लोक म्हनतील, सरपंचानं गाव मागं नेलं."

एक बाई ताडकन उठली. "नळापासल्या आन् संडासाच्या वाटेवरल्या दिव्याला कुनी हात लावला तर बघा. आमी कसं जायाचं रातच्याला?"

तिचं बरोबर होतं. निशाचरांच्या बाजूनं बोलणारे पुष्कळदा हीच गोष्ट विसरतात. अंधारातून जाणाऱ्या बाईची भीती ही काही अडाणी भीती नव्हे. नात म्हणाली, "काकू, तुमच्या वाटेवरचा दिवा ऱ्हाईलच. त्यो आभाळाकडं कामून बघायलाय, एवढंच म्हनायचंय. खाली बघू द्या त्याला, तुमच्या पायाकडं."

मग तिनं पेंचचं सांगितलं. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' असा मान मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे काढून टाकले नाहीत, बदलले. प्रकाश फक्त खाली पडेल असे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत, आभाळ तेवढं मोकळं झालं. इस्रायलमधल्या शेतकऱ्यांची गोष्टही तिनं सांगितली. उंदरांच्या औषधानं शिकारी पक्षी मरू लागले, म्हणून तिथं १९८०च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. पुढं शेजारच्या जॉर्डनमध्येही पेट्या लागल्या, जिथं घुबडाला आपल्यासारखंच अपशकुनी मानत. दोन देशांत वैर होऊन गेलेलं, पण घुबड काही सीमा बघून उडत नाही. एकानं इख टाकलं तर दुसऱ्याचं घुबड मरतं.

यानंतर तात्या उठले. ते कधी ग्रामसभेत बोलत नसत. खांबाखालची घोणस त्यांनी जशी घडली तशी सांगितली. भावाचं नाव घेताना क्षणभर थांबले. मग म्हणाले, "दिवा काडा म्हनत न्हाई म्या. पर मला जिथं पाय टाकायचाय तिथंच त्यो असावा. बाकीचं रान त्यांचं हाय रातच्याला. आपल्याला दिवसभर कुनी आडवतंय का?"

सगळे राजी झाले असं नाही. पोरांना बारवेचे रात्रीचे फोटो हवे होते, एका सदस्याला हायमास्टखाली पत्त्यांचा डाव हवा होता, आणि वादात दुपार झाली. ठरलं ते एवढंच: बारवेचे फोकस काढायचे, उत्सवाच्या रात्री पणत्या लावायच्या. हायमास्ट दहाला बंद. नळाच्या आणि संडासाच्या वाटेवरचे दिवे रात्रभर, पण खाली उतरवून, पिवळ्या प्रकाशाचे. औषधाऐवजी उंदरांचे सापळे आणि हरभऱ्यात पक्षीथांबे. आणि तात्यांच्या आग्रहावरून एक अर्ज, शेतीची लाईन दिवसा मिळावी म्हणून. त्या अर्जावर मात्र सगळ्या गावानं सह्या केल्या. माणसालाच कुणी रात्री रानात ढकललं नाही तर तो तिथं दिवे घेऊन कशाला जाईल?

गावातल्या एका कारागिरानं तेलाचे रिकामे डबे कापून दिव्यांना टोप्या करून दिल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या, तिसरी जमली. तात्यांनी आपल्या फोकसला स्वतः चढून टोपी बसवली, त्याचं तोंड बाजेकडं आणि गोठ्याकडं वळवलं.

उरलेलं घुबड कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. त्या वर्षी देवळी रिकामीच राहिली. विझवलेल्या दिव्याची भरपाई निसर्ग लगोलग करतो, अशा गोष्टी सांगायला सोप्या असतात, खऱ्या नसतात. पिंगळे तेवढे उन्हाळ्यात तारेवर परत दिसू लागले. तात्यांनी नातीनं दिलेल्या मापाची लाकडी पेटी करून चिंचेवर टांगली. वैशाखात नाल्यापलीकडच्या पडक्या वाड्याच्या बाजूनं त्यांना ओळखीची किंचाळी ऐकू आली, पण चिंचेकडं काही ते घुबड फिरकेना. तात्या दोन-तीन रात्री जागले तेव्हा कारण कळलं. नाल्यापलीकडच्या आखाड्यावरचा फोकस थेट चिंचेवर पडत होता.

दुसऱ्या दिवशी तात्या काखेत पत्र्याची टोपी घेऊन नाला उतरून गेले. शेजारी गुरांना कडबा टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तात्या, फोकस माझ्या आखाड्यावर हाय. तुमाला काय त्रास?"

"फोकस तुझाच हाय. उजेड मातर नाला वलांडून माझ्या चिंचेवर यायलाय."

"मंग काय, घुबडासाठी आंधारात बसू?"

"न्हाई. तुझ्या बाजेपाशी, गुरापाशी, स्टार्टरपाशी ऱ्हाऊ दे की. इझवायला न्हाई आलो म्या."

"आन् चोर आले तर?"

"तू बाजेवर बसून बघ. फोकस तुझ्या डोळ्यावर हाय. चोराला तू दिसशील, तुला चोर दिसनार न्हाई."

शेजाऱ्यानं बाजेवर बसून पाहिलं. मग टोपी हातात घेतली, उलटसुलट केली, आतून बोट फिरवलं.

"पत्रा तापंल. जाळ लागंल."

"मधी बोटभर जागा सोडलीया. माझ्याकडं माघापासून हाय, काय न्हाई झालं."

शेजारी बराच वेळ नाल्याकडं बघत राहिला. मग कडब्याची पेंढी खाली टाकून म्हणाला, "शिडी गोठ्यामागं हाय. पर चढायच्या आधी मेन बंद करा."